वाटाड्या, जम्माल आणि ड्रायव्हर

उमरा करून आलेल्या माणसाला भेटायला गेलं की जमजम आणि खजुरानंतर गप्पा सुरू होतात. हरमबद्दल तो कमीच बोलतो. तिथे जे वाटलं ते शब्दांत मांडणं अवघड असतं. पण जियारतीच्या दिवसाबद्दल मात्र भरभरून सांगतो, आणि त्यातलं दर तिसरं वाक्य एकाच प्रकारे सुरू होतं: "ड्रायवर बोल रहा था..." अमुक विहिरीचं पाणी कसं गोड झालं, तमुक डोंगर का फाटला, या झाडाखाली कोण बसलं होतं. पुस्तक कुणी वाचलेलं नसतं. आलिम सोबत नसतो. दीडशे-दोनशे रियाल देऊन ठरवलेला गाडीवाला हाच त्या दिवसाचा इतिहासाचा शिक्षक असतो, आणि त्याने सांगितलेलं पुढे सोलापूरच्या बेगम पेठेत नाहीतर विजापूर वेशीत वर्षानुवर्षं सांगितलं जातं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. इतिहासाचे तास अधूनमधून अंगावर पडतात, त्यामुळे या "ड्रायवर बोल रहा था" प्रकाराकडे माझं जरा जास्तच लक्ष असतं. पण हा लेख लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. अलीकडे दोन निरोप माझ्या फोनवर आले. एक आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर होता: देवदर्शनाला किंवा सहलीला जाताना गाडी 'आपल्याच' माणसाची घ्या, दुसऱ्यांच्या पोटावर पाय आला तरी चालेल. दुसरा आमच्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर होता. थायलंडला निघालेल्या एका भाच्याने विचारलं होतं, "वहाँ अपना वाला ड्रायवर मिलता क्या? दुसरे लोगों का क्या भरोसा." पहिल्या निरोपाचा आपल्याला राग येतो. दुसऱ्या निरोपाखाली मात्र सात-आठ जणांनी अंगठे दिले होते.

परक्या मुलखात वाट दाखवणारा माणूस भाड्याने घेणं ही गोष्ट आजची नाही. आपल्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रवास अशाच एका माणसाच्या भरवशावर झाला होता. त्याचं नाव वर्गात विचारलं तर शंभरातल्या दोन मुलांना सांगता येतं. हिजरतीचा धडा सगळ्यांना पाठ असतो: सौर गुहा, कोळ्याचं जाळं, कबुतराचं घरटं, पाठलाग करणारा सुराका. पण मक्केहून मदिनेपर्यंतची वाट कुणाला माहीत होती? ना प्रेषितांना (स.), ना हजरत अबू बक्र (रजि.) यांना. निदान त्या आडवाटा तरी नव्हत्या. त्यासाठी त्यांनी अब्दुल्लाह बिन उरैकित नावाचा माणूस मजुरीवर ठेवला. तो बनू दील कबिल्याचा. वाळवंटातल्या वाटांचा जाणकार म्हणून त्याची ख्याती होती. आणि तो मुसलमान नव्हता. ज्या कुरैशांनी प्रेषितांच्या (स.) जिवावर उठायचं ठरवलं होतं, त्यांच्याच धर्माचा होता.

हे कुठल्या कोपऱ्यातल्या किताबात नाही, सहीह बुखारीत आहे. हजरत आयशा (रजि.) यांची रिवायत आहे, आणि इमाम बुखारींनी ती 'इजारा' म्हणजे मजुरी-भाड्याच्या प्रकरणातही घेतली आहे. त्यातला तपशील मला दर वेळी थांबवतो. अबू बक्र (रजि.) यांनी दोन सांडण्या चार महिने घरी पाला घालून तयार केल्या होत्या. त्या दोन्ही त्यांनी निघण्याआधीच या माणसाच्या ताब्यात दिल्या आणि तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी घेऊन ये म्हणून सांगितलं. म्हणजे वाहनंही त्याच्याकडे, लपण्याची जागाही त्याला ठाऊक आणि वेळही ठाऊक. बाहेर कुरैशांनी पकडून आणणाऱ्याला शंभर उंटांचं इनाम जाहीर केलं होतं. शंभर उंट म्हणजे त्या काळात सात पिढ्यांची सोय. त्या तीन रात्री हा माणूस दोन सांडण्या सांभाळत बसला आणि ठरल्या वेळी, ठरल्या जागी हजर झाला.

पुढची वाटही त्यानेच ठरवली. मदिना मक्केच्या उत्तरेला आहे, सौर डोंगर दक्षिणेला. शोध उत्तरेकडे चालला होता. उरैकितने त्यांना पश्चिमेला नेलं आणि समुद्रकिनाऱ्याच्या बाजूने, नेहमीचा काफिल्याचा रस्ता टाळून वर काढलं. अबू बक्र (रजि.) यांचे मुक्त केलेले गुलाम आमिर बिन फुहैरा हेही सोबत होते. ते पक्के मुसलमान, मेंढपाळ, आसपासच्या रानाची माहिती असलेले. तरी वाट दाखवायला घेतला तो उरैकितला, कारण ते त्याचं काम होतं आणि ते त्याला उत्तम येत होतं.

इथे कुणी आलिम मला अडवतील. बुखारींनी त्या प्रकरणाच्या मथळ्यात गरजेची अट घातली आहे, मुसलमान मिळत नसेल तर, असं. बरोबर आहे, ती अट तिथे आहे. पण बुखारीवर भाष्य लिहिणारे अंदलुसचे इब्न बत्ताल (मृत्यू १०५७) हेही सांगतात की बहुतेक फकीह अशी नेमणूक गरज असो वा नसो, जायज मानतात. आलिमांच्या वादात मी शिक्षक माणूस पडत नाही. मला फक्त एवढं दिसतं की ज्या घडीला जीव पणाला लागला होता त्या घडीला माणसाची पारख त्याच्या कामावरून झाली.

भाड्याच्या वाहनाबद्दल आपल्या फिकहमध्ये किती बारीक विचार झाला आहे, हेही सांगायला हवं. आपल्याकडच्या मदरशांत 'हिदाया' शिकवतात. बाराव्या शतकातल्या मरगीनानी यांचा हा हनफी ग्रंथ. त्यात जनावर भाड्याने घेण्याचे प्रश्न पानंच्या पानं आहेत, आणि ते वाचताना टॅक्सी स्टँडवर उभं राहिल्यासारखं वाटतं. भाडं आणि काम दोन्ही आधी ठरलेलं हवं. अमुक गावापर्यंत म्हणून जनावर घेतलं आणि तुम्ही पुढे गेलात, तर जनावराच्या नुकसानीची जबाबदारी तुमची. गव्हाची अमुक मापं लादायची ठरली असतील तर तेवढेच जव किंवा तीळ लादता येतील, पण मीठ किंवा लोखंड नाही. मापाचा करार मोडला नाही तरी पाठीला जास्त जाच होतो. मक्केला जाण्यासाठी महमल आणि दोन स्वार असा उंट ठरवला तर करार वैध आहे, महमल रिवाजाप्रमाणे धरायचा, पण उंटवाल्याने तो आधी बघितलेला बरा. आणि सर्वांत गोड भाग: शिदोरीचं ठरावीक ओझं लादलं असेल आणि वाटेत खाऊन ते कमी झालं, तर प्रवाशाला तेवढं पुन्हा भरून घेता येतं. उंटवाल्याने कुरकुर करायची नाही.

आठ ठिकाणं ठरली, नववं दाखवलं तर जास्तीचे पैसे द्यायचे का? चार माणसं सांगून सहा जण गाडीत बसले तर? हॉटेलवरून निघायला तुम्हीच दीड तास उशीर केला तर? हे आजचे सगळे तंटे आठशे वर्षांपूर्वी त्या लोकांनी जनावराची पाठ आणि माणसाचा कष्ट समोर ठेवून सोडवले होते. आपण मात्र "अल्लाह के घर आए हैं भाई, जो समझके लेलो" म्हणून मोघम बसतो आणि उतरताना भांडतो. मोघम ठेवणं हा दिलदारपणा वाटतो, पण त्यात गरीब गाडीवाल्याचंच नुकसान होतं, नाहीतर भोळ्या म्हाताऱ्यांचं.

नियम होते म्हणून सगळं सुरळीत होतं असं मात्र नाही. ग्रनाडाचे इब्न जुबैर ११८३ मध्ये हजला निघाले. इजिप्तमधून नाईलच्या काठाने वर जाऊन, वाळवंट ओलांडून ते तांबड्या समुद्रावरच्या ऐजाब बंदरात पोचले. वाळवंटातला प्रवास त्यांनी उंटांवरून केला. त्यात शुग्दुफ नावाच्या डोल्यांचं ते कौतुक करतात. उंटाच्या दोन्ही अंगांना एकेक डोली, वर सावली. दोघं मित्र समोरासमोर बसून जेवू शकतात, कुरआन वाचू शकतात, आणि ज्याला हवं तो बुद्धिबळही खेळू शकतो. पण ऐजाबला पोचल्यावर त्यांचा सूर बदलतो. तिथले नावाडी एका खेपेत नावेची सगळी किंमत वसूल करायची म्हणून हाजींना एकावर एक कोंबतात. नाव बुडाली तर बुडाली. इब्न जुबैर यांनी त्या नावाड्यांबद्दल आणि हिजाजमध्ये हाजींना लुबाडणाऱ्यांबद्दल जे लिहिलंय त्यात इतका संताप आहे की मी वर्गात वाचताना काही ओळी सोडून देतो. आणि ते नावाडी, ते लुबाडणारे सगळे कलमा पढणारे होते.

हे पुढे सातशे वर्षं चाललं. मक्का-मदिनेदरम्यान उंट हाकणाऱ्याला जम्माल म्हणत. बहुतेक बदू. काही जम्माल जीव देऊन काफिल्याचं रक्षण करत, काही स्वतःच रात्री डाकूंना इशारा करत. प्रवाशाला हा फरक वाटेत पडल्यावर कळायचा. रिचर्ड बर्टन हा मुंबई लष्करातला इंग्रज अधिकारी १८५३ मध्ये पठाण हकिमाचं सोंग घेऊन हजला गेला. यंबू बंदरावर त्याने मदिनेसाठी उंट ठरवले: अर्धे पैसे आधी, अर्धे पोचल्यावर. सातशे वर्षांनीही तोच शुग्दुफ, त्यात दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या वजनाची माणसं लागायची, नाहीतर डोली एका अंगाला कलायची. त्या वाटेवर काफिल्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. दहा वर्षांनी, १८६३-६४ मध्ये, भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम मुंबईहून जहाजाने हजला गेल्या. राणी असून जिद्दा बंदरात सामान सोडवताना आणि उंट मिळवताना त्यांचे जे हाल झाले ते त्यांनी उर्दूत लिहून ठेवलं आहे. राणीची ही कथा, तर आपल्या विणकराची काय असेल?

भाडं महाग का पडायचं याचं उत्तर मात्र उंटवाल्याकडे नव्हतं. उंटाच्या भाड्यातून मक्केच्या शरीफाचा वाटा निघायचा, दलालाचा निघायचा, मुतव्विफाचा निघायचा, आणि मग उरलेलं जम्मालच्या हातात पडायचं. (मुतव्विफाला आपण हिंदुस्थानी लोक मुअल्लिम म्हणतो. मुअल्लिम म्हणजे शिक्षक. आमच्या पेशाचं नाव असं दूरवर भाडं वसूल करत फिरत होतं, हे कळलं तेव्हा मला हसू आलं.) जिद्दात ब्रिटिशांचे उपवकील म्हणून काम करणारे डॉ. अब्दुर रज्जाक हे मूळचे हिंदुस्थानी सर्जन. हाजींचे हाल, साथीचे रोग, लुबाडणूक यांवर त्यांनी सरकारला सतत अहवाल पाठवले. १८९५ मध्ये जिद्दाबाहेर बदूंच्या हल्ल्यात ते मारले गेले.

मधल्या काळात मुंबईत एक वेगळाच प्रयोग झाला. जगाची सहल घडवणारी थॉमस कुक ही कंपनी. युरोपातल्या श्रीमंतांना इजिप्तचे पिरॅमिड दाखवणाऱ्या याच कंपनीला १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने हाजींच्या प्रवासाचं काम दिलं. गावाच्या रेल्वे स्टेशनपासून जिद्दापर्यंत एकच व्यवस्था, भाडं आधी जाहीर, अशी कल्पना होती. सरकारला वाटलं, गोऱ्या कंपनीची शिस्त आली की लुबाडणूक थांबेल. काही वर्षांत, १८९०च्या दशकातच, हे काम कंपनीकडून सुटलं. जहाजाचं तिकीट छापता येतं. जिद्दानंतरची वाट ज्याच्या हातात होती तो उंटवाला कुकच्या पावतीला ओळखत नव्हता.

मग मोटार आली. १९२४-२५ मध्ये हिजाज इब्न सौद यांच्या ताब्यात गेलं, वाटमारी कडकपणे मोडली गेली आणि त्यानंतर गाड्या वाढल्या. उंटावरून मक्का-मदिना दहा-बारा दिवसांची वाट होती, ती एक-दोन दिवसांवर आली. १९३३ मध्ये लेडी एव्हलिन कोबोल्ड ही ६५ वर्षांची स्कॉटिश मुस्लिम बाई मोटारीने मदिनेला आणि मग हजला गेली. तिचं पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. खिडकीतून तिला उंटांवरून चाललेले हाजी दिसत होते. एकाच रस्त्यावर दोन काळ चालत होते. जम्माल लोकांचा धंदा त्यानंतर बसत गेला, आणि त्यांच्या नातवांच्या जागी हळूहळू परदेशी माणसं आली: येमेनी, पाकिस्तानी, बांगलादेशी, केरळी. आज हरमैन एक्सप्रेस ही रेल्वे मक्केहून मदिनेला जवळपास अडीच तासांत पोचवते. २०१८ मध्ये ती सुरू झाली. पण रेल्वे उहुदच्या पायथ्याशी थांबत नाही. जियारतीला अजूनही गाडीवालाच लागतो.

हे सगळं अरबस्तानाचं झालं. आपल्या मुलखात आलेल्या परक्यांचं काय? सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए दख्खनमधून अनेकदा फिरला, गोवळकोंड्याच्या हिऱ्यांसाठी. त्याने भाड्याच्या गाडीचा हिशेब लिहून ठेवला आहे. बैलगाडीला दिवसाला साधारण एक रुपया. सुरतेहून आग्र्याला ३५ ते ४० दिवस लागत आणि सगळ्या प्रवासाचे ४० ते ४५ रुपये. सुरतेहून गोवळकोंड्यालाही जवळपास तेवढंच अंतर आणि तेवढेच पैसे. बैल दुडक्या चालीने पळत. रात्री त्यांना कणीक, तूप आणि गूळ मळून केलेले गोळे चारायचे. सोबत रखवालीला हत्यारबंद प्यादे भाड्याने घ्यायचे, महिन्याला चार रुपये, लांबचा प्रवास असेल तर पाच. आणि या प्याद्यांचा एक नाईक असे, जो त्यांच्या इमानाची हमी घेई. त्या हमीबद्दल त्याला दोन रुपये वेगळे.

मला हे दोन रुपये फार महत्त्वाचे वाटतात. ताव्हेर्निए ख्रिस्ती होता, आपली भाषा त्याला येत नव्हती. तो हिरे घेऊन रानावनातून चालला होता. त्याने नाईकाचा धर्म विचारला नाही, जबाबदारी विचारली. काही झालं तर उत्तर कोण देणार? आजच्या भाषेत परवाना, गाडीची कागदपत्रं, विमा, कंपनीचं नाव. सौदीत परवाना नसताना खासगी गाडीतून प्रवासी नेणं गुन्हा आहे. तरी हरमच्या बाहेर "जियारत, जियारत" म्हणून हाक मारणाऱ्याच्या मागे आपले लोक निघतात, कारण तो सलाम करतो आणि उर्दू बोलतो. सलाम ही हमी नव्हे. इब्न जुबैरच्या नावाड्यांनीही सलाम केला असेलच.

दोन वर्षांपूर्वी आम्ही उमऱ्याला गेलो: अम्मी, बायको आणि मी. ग्रुपची बस होती, पण अम्मीच्या गुडघ्यांमुळे आम्ही जियारतीला वेगळी गाडी केली. मक्केत मिळालेला ड्रायव्हर सिल्हेटचा, बांगलादेशी. अराफात, मुजदलिफा, मिना, जबल-ए-नूर आणि सौर. सौरच्या पायथ्याशी मी त्याला विचारलं, उरैकित इथे कुठल्या बाजूने आला असेल? त्याने नाव ऐकलं नव्हतं. पण हात करून दाखवलं, "समुंदर का रास्ता उधर है भाईजान, वो उधर से ले गया होगा." त्याने सहा वर्षांत मुलाला पाहिलं नव्हतं. गाडी कफीलच्या नावावर. महिन्याची ठरावीक रक्कम कफीलला द्यायची, उरेल ते आपलं. मला शरीफाचा वाटा आठवला.

मदिनेतला ड्रायव्हर पाकिस्तानी पंजाबचा, बोलका. त्याने उहुदला जे केलं ते मी अजून वर्गात वापरतो. तिरंदाजांच्या टेकडीपाशी त्याने आम्हाला उभं केलं आणि हाताने सगळं मैदान मांडून दाखवलं: फौज इथे, डोंगर पाठीशी, ही एकच फट उघडी, म्हणून पन्नास तिरंदाज इथे बसवले, ते खाली उतरले आणि खालिद बिन वलीद, जे तेव्हा कुरैशांकडून लढत होते, घोडे घेऊन या बाजूने वळसा घालून आले. पुस्तकात इसवी सन ६२५ लिहिलेलं असतं, नकाशात बाण असतात. ती जमीन रोज गाडी चालवून त्याच्या अंगवळणी पडली होती, म्हणून त्याला ते दिसत होतं.

त्याच माणसाने दुपारी आम्हाला वादी-ए-जिन्नला नेलं. मदिनेबाहेर डोंगरांमधला तो रस्ता. तिथे गाडी न्यूट्रलवर टाकली की चढावर आपोआप पळते. "जिन्न लोग धकेलते हैं, बाजी," त्याने अम्मीला सांगितलं आणि अम्मी आयतुल कुर्सी पढायला लागल्या. खरं म्हणजे तो उतार आहे. आजूबाजूच्या डोंगरांच्या रेषा तिरप्या असल्याने क्षितिज दिसत नाही आणि डोळ्याला उतार चढ वाटतो. लडाखमध्ये लेह-कारगिल रस्त्यावर असाच एक 'मॅग्नेटिक हिल' आहे. तिथले ड्रायव्हर ते काम चुंबकाच्या नावावर घालतात. जिन्न आणि चुंबक, दोन्हींचं भाडं सारखंच. मी त्याच्याशी वाद घातला नाही. रात्री अम्मीला हॉटेलवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू मास्टर है, तेरेको सब उतार दिखता."

एकाच माणसाने सकाळी मला उहुद शिकवलं आणि दुपारी जिन्न विकला. गाडीवाल्यावर भरवसा कुठवर ठेवायचा, याची ही सीमा मला त्या दिवशी स्पष्ट दिसली. रस्ता त्याचा, वेळ त्याची, जमिनीची ओळख त्याची. त्यापुढचं आपण घरी येऊन किताबात बघायचं. उरैकितकडूनही वाटच घेतली गेली, दीन नाही.

आता सोलापूर. आपल्या स्टेशनवर आंध्र-तेलंगणातून रोज माणसं उतरतात. त्यांना अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करायचं असतं, पुढे गाणगापूर. त्यांच्यासाठी मराठी म्हणजे परमुलूखच. तिथे उभ्या असलेल्या गाडीवाल्यांत आपली मुलं बरीच आहेत. मी शिकवलेलेच तीन-चार आहेत. त्यांना मोडकं-तोडकं तेलुगू येतं, एकादशीला पंढरपूरला गाडी कुठे लावायची ते माहीत असतं, तुळजापूरला अभिषेकाची वेळ काय ते तोंडपाठ असतं. कुटुंब आत दर्शनाला जातं तेव्हा सामान, चपला, कधी झोपलेलं बाळ आणि म्हातारी आजी, सगळं याच्या हवाली असतं. आणि उरुसाला आपली माणसं गुलबर्ग्याला बंदानवाज यांच्या दर्ग्यात जातात तेव्हा गाडी हाकणारा कित्येकदा लिंगायत असतो. तोही तबर्रुक घेऊन घरी जातो.

कॉलनीच्या ग्रुपवरचा तो निरोप या मुलांच्या ताटातली भाकरी काढणारा आहे, हे मी तिथे लिहिलं. दोघांनी फोन करून "सर, बरोबर आहे" म्हटलं, एकाने ग्रुप सोडला. नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिणं जास्त जड गेलं. भाच्याला मी उरैकितची गोष्ट पाठवली आणि खाली विचारलं: परवाना आहे का, भाडं लेखी ठरलंय का, दिवसाचे तास किती, गाडी कुणाच्या नावावर. बँकॉकला त्याला बौद्ध ड्रायव्हर मिळाला. त्यानेच त्यांना जुम्म्याला मशिदीपाशी सोडलं आणि नमाज होईपर्यंत बाहेर थांबला.

गेल्या आठवड्यात आठवीला हिजरतीचा धडा घेताना मी हे सगळं सांगितलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे अब्बा स्टेशनवर गाडी चालवतात, उभा राहिला. "सर, उस डायवर को भाडा कित्ता ठैरा था?"

मी त्याला सांडणीची हकीकत सांगितली. अबू बक्र (रजि.) यांनी सांडणी तशीच देऊ केली तेव्हा प्रेषित (स.) म्हणाले होते की किंमत देऊनच घेईन, आणि किंमत देऊनच घेतली.

"फिर डायवर का भी दिएच होंगे," तो म्हणाला आणि खाली बसला.